खडकपालीच्या नावाखाली तीस वर्षं

मी एक पाल आहे. नर पाल. तुमच्या मराठीत आम्हा सगळ्यांनाच 'ती पाल' म्हणतात. आमच्यातही नर असतात, हे कुणाच्या ध्यानातच आलेलं दिसत नाही. पण माझ्या नर असण्यावरच पुढचं सगळं अवलंबून होतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी बोलतोय, बोलतेय नाही.

माझा जन्म घाटंजीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका बरडावर झाला. पातळ मातीची, दगडगोट्यांची उंच जमीन. काळा कातळ, पळसाची खुरटी झाडं आणि एका अंगानं खाली उतरत गेलेला नाला. आईनं दोन पांढरी अंडी कातळाच्या चिरेत चिकटवली आणि ती निघून गेली. आमच्यात तशीच रीत आहे. कुणी भरवत नाही, कुणी शिकवत नाही. कवच फोडून बाहेर आलो तेव्हा पोटाला दगडाची ऊब लागली, आणि आपलं घर हेच, एवढं मला कळलं.

आम्ही माणसांच्या घरात जात नाही. ट्यूबलाइटभोवती फिरणारे, देवाच्या फोटोमागे राहणारे, कुणी काही बोललं की चुकचुकणारे, ते आमचे लांबचे भाऊबंद. त्यांच्यामुळे आमचीही बदनामी होते. पाल दुधात पडली की घरदार मरतं, पाल अंगावर पडली की अंघोळ करायची, असलं बरंच काही माणसं मानतात. आमच्या दातांनी मुंगळासुद्धा धड मरत नाही, पण हे सांगणार कुणाला?

त्या दिवशी मी चीर सोडून वाळवीच्या मागे एका सुट्या दगडाखाली आलो. तो दगड एका माणसानं उचलला. भीमराज मुनेश्वर त्याचं नाव. तो यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता आणि सुट्टी काढून गावी आला होता. नव्या घराच्या ओट्यासाठी तो आणि त्याची बायको मथुराबाई बरडावर दगड गोळा करत होते.

मी शेपूट टाकून पळालो. आमची ही जुनी युक्ती. शेपूट तिथं वळवळत राहतं, शत्रू त्याच्याकडे बघत बसतो आणि आपण निसटतो. पण भीमराजची नजर शेपटावर गेलीच नाही. त्यानं पालथ्या पंजाखाली मला अलगद धरलं.

"अवो, फेका ना थे!" मथुराबाई ओरडल्या. "विषारी असते."

"नाई असत वं. रोज पाह्यतो मी बाटलीत." त्यानं मला डोळ्याजवळ नेलं. "पण हे आपल्या घरातली पाल नाई. अशी मी कधी पाह्यलीच नाई."

त्यानं मला जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, आणि तुटलेलं शेपूटही आठवणीनं शेजारी ठेवलं. कामावर रुजू झाला त्या दिवशी त्यानं तो डबा प्राध्यापक दीनानाथ सरांच्या टेबलावर उघडला.

दीनानाथ सर वाईट माणूस नव्हते. मुलांना जीव तोडून शिकवायचे. पण ते दिवस पेपर तपासणीचे होते आणि टेबलावर गठ्ठ्यांची भिंत उभी होती. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खडकपाल आहे ही, भीमराज. बरडावर दुसरं काय सापडणार?"

"खडकपाल तं आपल्याकडं ढाणकीवरून आणलेली आहे ना सर, कपाटात. हे तिच्याहून बारीक आहे. अन् पाठीवरचे दाणेही तसे नाईत."

"पिल्लू असेल. वयात आली की दिसेल तशीच." सर हसले. "नमुना छान आहे हं. नीट ठेव."

तो दिवस माझ्या श्वासांचा शेवटचा दिवस होता. मला दुखलं का, असं कुणी विचारलं तर सांगतो, फार नाही. भीमराजच्या हाताला घाई नव्हती. आधी फॉर्मेलिन, मग स्पिरिट, मग काचेची बरणी. सरांनी पातळ कागदावर शाईनं चिठ्ठी लिहिली: खडकपाल, घाटंजी, आणि संग्राहक म्हणून स्वतःचं नाव. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. विभागात आलेली प्रत्येक वस्तू नोंदवहीत विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्याच, नावानं चढायची. भीमराजलाही त्यात काही नवं नव्हतं. त्यानं झाकणाच्या कडेला मेण लावलं आणि मला ढाणकीच्या खडकपालीशेजारी ठेवलं.

नोकरी म्हणाल तर तिथून पुढे लागली. दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत मला टेबलावर मांडत. माझ्यासमोर सात नंबरचा पुठ्ठा असायचा. मुलं यायची, नाकाला रुमाल लावायची, वाकून पाहायची आणि लिहायची, खडकपाल. बॅचमागून बॅच गेल्या. जवळजवळ सगळ्यांनी मला दुसऱ्याच्या नावानं ओळखलं आणि पूर्ण मार्क घेतले. एका मुलीनं एकदा लिहिलं होतं, 'बहुतेक खडकपाल. पण नक्की सांगता येत नाही.' तिचा अर्धा मार्क कापला गेला. मला तिला हाक मारावीशी वाटली होती.

मधली काही वर्षं वाईट गेली. भीमराजची बदली ऑफिसात झाली आणि प्रयोगशाळेकडे बघायला कुणी उरलं नाही. स्पिरिट उडत जातं, हे लक्षात ठेवावं लागतं. शेजारच्या बरणीतला बेडूक सुकून चामडं झाला. एक साप अर्धा बाहेर, अर्धा आत राहिला आणि त्याच्या बाहेरच्या भागावर बुरशी चढली. माझ्याही पाठीपर्यंत हवा आली होती. भीमराज परत आला तेव्हा त्यानं आधी ते कपाट उघडलं. मग कॅन घेऊन एकेक बरणी भरत बसला. मेलेल्या बेडकाला त्यानं "माफ कर रे बावा" म्हटलेलं मी ऐकलं आहे.

सर निवृत्त झाले. खूप वर्षांनी भीमराजही निवृत्तीला आला. त्या शेवटच्या वर्षी त्याची मुलगी दीपा प्रयोगशाळेत आली. ती पुण्याला पालींवरच संशोधन करत होती आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची यादी करायला तिला जुने नमुने तपासायचे होते. तिनं मला चिमट्यानं बाहेर काढलं, पांढऱ्या बशीत उताणं ठेवलं आणि दुर्बिणीसारखं ते यंत्र डोळ्याला लावलं. इतक्या वर्षांत मला उताणं कुणी केलंच नव्हतं.

आमच्या नरांच्या मांडीच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची एक रांग असते. कुठल्या पालीला किती छिद्रं, यावरून तिची ओळख पटते. माद्यांना ती रांग नसते, म्हणून मघाशी म्हटलं, मी नर निघालो म्हणून हे सगळं घडलं. दीपानं मोजलं. ढाणकीच्या खडकपालीला प्रत्येक मांडीवर सहा. मला दहा. तिनं परत मोजलं. दहाच. मग बोटांखालच्या पट्ट्या मोजल्या, पाठीवरच्या दाण्यांच्या रांगा मोजल्या, थोबाडापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घेतलं. ती छिद्रं वयात आलेल्या नरालाच अशी उघडी दिसतात. म्हणजे मी पिल्लू नव्हतो. मी पुरता वाढलेलो होतो, माझं कुळच अंगानं लहान होतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे पाल कुठं भेटली होती तुमाले?"

भीमराज फरशी पुसत होता. "आपल्या गावच्या बरडावर. काहून?"

"हे खडकपाल नाई."

तो उठून उभा राहिला. "मंग कोणत्या जातीची आहे?"

"जात नाई बाबा. प्रजाती म्हणा."

"हां. थे बरं आहे," भीमराज म्हणाला आणि दोघंही हसली. हसता हसता त्यानं फडकं खाली ठेवलं. "मी तं तवाच म्हणलं होतं सरायले."

आता सरांना सांगणं भाग होतं. दीपा मला घेऊन त्यांच्या घरी गेली. सरांच्या पत्नी कुंदाकाकूंनी दार उघडलं, बरणी पाहिली आणि म्हणाल्या, "अगंबाई, पाल! बैठकीत नको गं, बाहेर व्हरांड्यात बसा तुम्ही." म्हणून आम्ही व्हरांड्यात बसलो. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते. दीपा हळू आवाजात, जपून जपून सगळं सांगत होती. सरांनी चिठ्ठीवरचं स्वतःचं अक्षर बरणीच्या काचेतून वाचलं.

"निवृत्त होईपर्यंत मी मुलांना हेच नाव शिकवलं," ते म्हणाले.

दीपानं मापांची वही त्यांच्यापुढे सरकवली.

"आणि तू म्हणतेस, ते चूक होतं."

"सर, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"मग म्हणूही नकोस इतक्यात." त्यांचा आवाज कडक झाला. "एका बरणीतून प्रजाती उभी राहत नाही. एखाद्या माणसाला सहा बोटं असतात, म्हणून तो वेगळा प्राणी होतो का? तसाच हा एखादा वेडावाकडा नमुना असेल. आणखी आण. नर आण, मादी आण. मग बोलू."

परत येताना दीपाचे डोळे भरले होते. पण सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या अंगातून डीएनए काढायचा तिनं प्रयत्न केला होता, पण फॉर्मेलिननं तो खाऊन टाकला होता. मी एकटा पुरा पडत नव्हतो. माझे नातेवाईक जिवंत आहेत, हे दाखवावं लागणार होतं. आणि ते आहेत की नाहीत, हे मलाही माहीत नव्हतं.

वनखात्याकडून परवानगी मिळाली ती फक्त चार पाली धरायची. म्हणजे धरण्याआधीच हीच ती पाल, अशी खात्री हवी. त्यासाठी जागेवर ताडून बघायला दीपानं मला बरोबर घेतलं, कापसात गुंडाळून, डब्यात घालून. मी तीस वर्षांनी माझ्या बरडावर परत गेलो.

पण बरड अर्धाच उरला होता. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला खदान लागली होती. दिवसातून दोनदा सुरुंगाचा आवाज यायचा आणि पळसाच्या पानांवर पांढरी धूळ बसलेली असायची. दीपा आणि भीमराजनं तीन दिवस दगड उलटे केले. विंचू निघाले, गोम निघाली, खडकपाली निघाल्या. प्रत्येक वेळी दीपा मला शेजारी धरायची, भिंगातून बघायची आणि मान हलवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी भीमराज एका दगडावर बसला आणि खदानीकडे बघत म्हणाला, "गेली असन माय थे सारी. मीच शेवटचीले धरून नेलं का काय?"

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी.

मथुराबाई भाकर घेऊन आल्या होत्या. तीन दिवस चाललेला हा उद्योग त्यांना कुणी समजावून सांगितला नव्हता. त्यांनी माझा उघडा डबा हातात घेतला, उन्हात धरला आणि म्हणाल्या, "हे? हे दगडाखाली कायले शोधून राह्यले तुमी? हे नाल्यातल्या चिरीत राह्यते."

दीपा उठून उभी राहिली. "तुले काय मालूम, माय?"

"काय मालूम म्हंजे? नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी भराले मी वीस वर्सं कुठं जात होती? पाण्याची गुंडी भरेपर्यंत समोर कातळच पाह्यत राहा लागे. मोठी पाल वरच्या दगडात राह्यते, हे लहानी खाली, वल्ल्या चिरीत. दोघी एका जागी कधी दिसल्या नाई मले. अंडेही चिपकवून ठेवते तिथं, दोन-दोन."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं का मले?"

नाल्याचा तो कातळ माणसाच्या दुप्पट उंच होता. मथुराबाईंनी पदर खोचला आणि एका चिरेकडे बोट दाखवलं. दीपानं आरशानं आत उन्हाचा कवडसा पाडला. आतून दोन डोळे चमकले. ती पाल कवडशाच्या कडेला आली, मान तिरकी करून थांबली. दीपानं मला शेजारी धरलं. तोच रंग. तेच बारीक दाणे. तिच्या गळ्याखालची कातडी हलत होती, माझी हलत नव्हती. एवढाच आमच्यात फरक.

दीपानं भिंग खाली केलं आणि मटकन वाळूत बसली. भीमराज बायकोकडे बघत राहिला. मथुराबाई म्हणाल्या, "अवो, आता भाकर खाता का? वाळून चालली."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून चार पाली धरल्या, दोन नर, दोन माद्या. नरांना छिद्रं दहा-दहा. पुण्याला डीएनए तपासला, तोही खडकपालीपेक्षा स्पष्ट वेगळा निघाला. मग दीपा लिहायला बसली. आमचं वर्णन करायचं म्हणजे आम्ही कसे आहोत तेवढं सांगून भागत नाही. आम्ही कोण नाही, हेही सांगावं लागतं. जवळच्या प्रत्येक भावंडाशी आमची तुलना झाली. याच्याहून आमची बोटं अशी, त्याच्याहून आमची मांडी अशी, तो जमिनीवर राहतो, आम्ही चिरेत. तिनं माझा एकेक खवला कागदावर उतरवला. आणि प्रजातीचा मूळ नमुना म्हणून, ज्याच्याशी पुढे सगळ्यांना ताडून पाहायचं तो नमुना म्हणून, तिनं मला निवडलं.

"नवे धरलेले असताना हा जुना कशाला?" कुणीतरी विचारलं.

"हा आधी आलेला आहे," ती म्हणाली, "आणि पुरता वाढलेला, नीट राखलेला नर आहे."

लेख छापायला स्वीकारला गेला त्या आठवड्यात दीनानाथ सर काठी टेकत प्रयोगशाळेत आले. कुणी बोलावलं नव्हतं. भीमराज तेव्हा निवृत्त झालेला होता, तरी दीपाला मदत म्हणून तिथंच होता. सर यंत्रावर वाकले. फिरकी फिरवत त्यांनी माझ्या मांडीवरची छिद्रं मोठ्यानं मोजली. डावीकडे दहा. उजवीकडे दहा. परत एकदा डावीकडे.

मग ते खुर्चीत बसले. "भीमराज, मी त्या दिवशी हिला उलटी करून बघितली असती, तर दोन मिनिटांचं काम होतं."

"तुमच्यापुढं लय पेपर होते सर," भीमराज म्हणाला.

"ते होतेच. पण तू सांगत होतास, आणि मी ऐकलं नाही. पेपर नसते तरी कदाचित ऐकलं नसतं." सरांनी दीपाकडे हात पुढे केला. "नवी चिठ्ठी दे. मी लिहितो."

जुनी चिठ्ठी बरणीतून काढायची नसते, असा संग्रहाचा नियम आहे. चूक आणि दुरुस्ती दोन्ही एकाच बरणीत राहतात. सरांनी नव्या कागदावर जागेचं नाव लिहिलं, मग 'संग्राहक' लिहून पुढे भीमराजचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. ते नाव त्यांनी भीमराजला विचारून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांना ते माहीत नव्हतं.

"तारीख?" सरांनी विचारलं. "ती तर मी लिहिलीच नव्हती."

"पंधरा एप्रिल एकोणीसशे पंच्याण्णव," भीमराज क्षणभरही न थांबता म्हणाला. "जयंतीची मिरवणूक करून दुसऱ्या रोजी आम्ही दगडं आणाले गेलतो."

सरांनी ती तारीख लिहिली.

नावाचं राहिलं. दीपाच्या मनात बापाचं नाव होतं. भीमराजनं ते उडवून लावलं. "मी तं भूलचुकीनं एक धरली. घर तुह्या मायनं दाखवलं. तिचं दे."

मथुराबाईंना हे कळलं तेव्हा त्या हसू आवरेना म्हणून खाली बसल्या. "पालीले माह्यं नाव? गावातल्या बाया काय म्हणतीन वं!" मग डोळे पुसून गंभीर झाल्या. "ठेव. पण एक लिहिजो तिथं. चावत नाई म्हणून लिहिजो."

दीपानं तसं लिहिलं, शास्त्राच्या भाषेत. आणि आमच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी लॅटिन वळण देऊन मथुराबाईंचं नाव आलं.

आता मी पुण्याच्या एका मोठ्या संग्रहात असतो. लोखंडी कपाट, थंड खोली, मूळ नमुन्याची खूण म्हणून बरणीला लाल चिठ्ठी. इथं मला कुणी परीक्षेला मांडत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा अभ्यासक येतो, आपली पाल माझ्याशेजारी ठेवतो आणि मोजू लागतो.

गेल्या महिन्यात पांढरकवड्याची नयन आली होती. पैनगंगेच्या पलीकडच्या टेकड्यांत तिला माझ्यासारखी लहान पाल सापडली होती. तिनं ती माझ्याशेजारी ठेवली तेव्हा मला वाटलं, आपल्या कुळाचं आणखी एक घर सापडलं. एका नाल्यावर टांगलेला आमचा जीव जरा मोकळा होईल. नयनलाही तसंच वाटत असावं, कारण ती मनातल्या मनात न मोजता ओठ हलवून मोजत होती. ती दोन दिवस मोजत राहिली. शेवटी तिनं वहीत लिहिलं: ही ती नाही. ही आणखी तिसरीच.

त्या पालीला नाव मिळेल. मिळावंच, तिचा तो हक्क आहे. पण माझ्या कुळाला अजून तो एकच नाला आहे, दोनशे पावलं लांबीचा. तो वाचवावा म्हणून दीपानं तहसीलला अर्ज दिला आहे, गावानं ठराव केला आहे. सध्या खदान नाल्यापर्यंत सरकलेली नाही. यापुढे सरकणार नाही, असं मात्र अजून कुणी लिहून दिलेलं नाही.

तुम्ही कधी घाटंजीकडे गेलात आणि एखादा उघडा, काळा कातळ दिसला, तर ही पडीक जागा आहे असं लगेच म्हणू नका. जवळ जा, चिरेत वाकून बघा. आणि आत काय दिसलं ते कळलं नाही, तर तिथं रोज पाणी भरणाऱ्या बाईला विचारा.